बेस गिटारची जवारी

रविवार, १ सप्टेंबर १९९६, सकाळी दहा. रक्कम साडेतीन हजार रुपये. मुलीची बेस गिटार आम्ही जुनी घेतली होती, तिची ही किंमत. हजर माणसे चार: मी, बायको, मुलगी आणि गुरुवारी मिरजेहून आलेले माझे सासरे. जागा गुजरातेत, उधन्यातल्या आमच्या घराची पुढची खोली.

तक्रार अशी होती. गिटारच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार बोट न दाबता, मोकळी छेडली की घुमण्याऐवजी खरखरायची, डब्यात मधमाशी अडकल्यासारखी. शुक्रवारच्या तालमीत ही खरखर पहिल्यांदा ऐकू आली. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात मुलीला त्या वर्षी प्रथमच जागा मिळाली होती. ऑर्केस्ट्रा चालवणारे गुजराती गृहस्थ स्वतः कीबोर्ड वाजवत. ते तिला म्हणाले, "बेन, मंडपात हे दसपट ऐकू येईल. बुधवारपर्यंत नीट झालं नाही तर बेस मी डाव्या हातानं कीबोर्डवरच वाजवीन." घरी आल्यापासून मुलगी जेवणापुरतीच बोलत होती.

शहरातल्या वाद्यांच्या दुकानात विचारून झाले होते. अडीचशे रुपये आणि पंधरा दिवस. पैशांचे पाहिले असते, पण बुधवार तीन दिवसांवर होता.

मी बँकेत नोकरीला. हिशेब जुळला नाही की एकेक रक्कम बाजूला काढत जायचे, हे अंगवळणी पडलेले. तसेच सुरू केले. आधी खोलीतल्या वस्तू. शोकेसच्या काचा धरून पाहिल्या, पंखा बंद केला, स्टीलचे डबे मांडणीवरून खाली उतरवले.

"अहो, डबे कशाला? ते स्वयंपाकघरात आहेत," बायको म्हणाली.

"आवाज भिंतीतून जातो."

"मग शेजारच्यांचेही डबे उतरवून या."

गिटार गॅलरीत नेली. तिथेही खरखर. म्हणजे दोष गिटारमध्येच. मग मी पेचकस घेऊन तार बुडाशी, घोडीवर थोडी उचलली. खरखर तेवढीच राहिली, वर मुलीच्या बोटांना तार दाबणे जड जाऊ लागले. स्क्रू मोजून उलटे फिरवले आणि होते तसे केले.

"बाबा, तुम्ही ऑडिट करताय," मुलगी म्हणाली. दोन दिवसांतले तिचे हे पहिले लांब वाक्य, म्हणून मी उत्साहाने पुढे गेलो.

"आता पहिल्या पडद्यावर बोट ठेवून वाजव."

वाजवली. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे पडदे; पहिल्यावर आवाज स्वच्छ. दुसऱ्या पडद्यावर, तिसऱ्यावर, सगळीकडे स्वच्छ. बोट उचलले की खरखर. म्हणजे बोट तार दाबते तिथून खालचे सगळे ठीक होते. उरली फक्त एक जागा. गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला प्लॅस्टिकची पांढरी पट्टी असते, तिच्या चार खाचांत चार तारा बसतात. मोकळी तार तेवढ्याच टोकावर टेकते. मी एक पोस्टकार्ड आणले. बाकीच्या तीन तारांखालून ते पहिल्या पडद्यावरून अलगद सरकले. जाड तारेखाली शिरेचना. तिची खाच खोल झाली होती आणि तार पडद्याला घासत होती.

"पण गेल्या आठवड्यात तर नव्हती!" मुलगी म्हणाली.

सासरे इतका वेळ खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी आयुष्यभर गवयांचे तंबोरे लावून दिलेले. तारेची झणझण पसरून तंबोरा भरून बोलू लागतो त्याला जवारी म्हणतात, आणि घोडी घासून ती काढण्यात त्यांचा हात बसलेला. ते समाधानाने म्हणाले, "पुन्हा छेड गं. काय सुंदर जवारी लागली आहे!"

मग बायको हळूच म्हणाली, "अप्पा, तुम्ही काही केलंत का?"

"केलं म्हणजे? परवा सकाळी ही कॉलेजात गेली होती. सहज छेडून पाहिली, तर तार अगदी बसकी. घोडी लोखंडाची, तिला काय करणार? म्हणून या टोकाच्या खाचेत पॉलिश पेपरचे चार हात मारले. पुन्हा सुरात लावूनही ठेवली."

"आजोबा! ती बसकीच असते! बेस आहे ती!"

सासऱ्यांनी डोळे उघडले. नात रडायच्या बेताला आलेली पाहून त्यांचा चेहरा उतरला. मला रागवायचे होते, पण ते राहून गेले.

तार उचलायची तर खाचेत काहीतरी भरायला हवे होते. बायको साड्यांना फॉल लावायचे काम घरी करायची. ती रीळ घेऊन आली. "खाचेत दोरा घालू."

"अगं, दोऱ्यानं जवारी वाढते," सासरे म्हणाले. "तंबोऱ्याला आम्ही त्याचसाठी घालतो."

"इथे तार खाली बसलीय, अप्पा. उचलली की पडदा सुटेल."

एक पदर घातला, खरखर निम्मी झाली. दोन घातले, बंद झाली. पण आवाज उशीवर थाप मारल्यासारखा. मऊ दोरा आवाज गिळत होता. तो कडक व्हायला हवा, हे मला सुचले. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून लगेच चिकटणाऱ्या गोंदाची नळी आणली. तार बाजूला करून, खाचेत दोरा दाबून वर दोन थेंब सोडले. वाळल्यावर त्याचा दगड झाला.

आता त्यात तारेपुरती खाच कोरायची होती. पॉलिश पेपर सासऱ्यांच्या चष्म्याच्या घरात होता. कोणी काही बोलायच्या आत मुलीनेच तो काढून त्यांच्या हातात दिला.

"मी?" ते म्हणाले.

"तुम्हीच. पण मी थांब म्हटलं की थांबायचं."

त्यांनी एक हात मारला की ती तार बसवून पोस्टकार्ड घालून बघे. शेवटी कार्ड अलगद सरकले. तार अडकू नये म्हणून खाचेत शिसपेन्सिलीची पूड चोळली, तार सुरात लावली आणि तिने मोकळी छेडली. खोलीभर एक गोल, जाड, शांत सूर घुमला.

"जवारी नाही अजिबात," सासरे म्हणाले.

"नाहीच!" नात हसली.

बुधवारच्या तालमीत कीबोर्डवाल्यांनी कान देऊन ऐकले, "बराबर छे, बेन," म्हणाले आणि पुढच्या गाण्याचे कागद वाटू लागले. उत्सवात पाचव्या दिवशी ती पूर्ण कार्यक्रम वाजवत होती. सासरे त्यासाठी मुद्दाम थांबले आणि स्पीकरच्या इतके जवळ बसले की बायकोला त्यांना मागे ओढावे लागले.

मंडळाने मुलीला मानधनाचे एकशे एक रुपये दिले. सासरे निघाले त्या सकाळी तिने त्यातले एक्कावन्न त्यांच्या हातावर ठेवून वाकून नमस्कार केला.

"हे दुरुस्तीचे की बिघाडाचे?" त्यांनी विचारले.

"दोन्हींचे मिळून."

त्यांनी नोट आणि नाणे चष्म्याच्या घरात, पॉलिश पेपरशेजारी ठेवले. म्हणजे एकूण दिले गेले ते असे: गोंदाचे बारा रुपये हार्डवेअरवाल्याला, एक्कावन्न रुपये सासऱ्यांना.