डिकीतली नथ

मला आयुष्यात शंका फारशी येत नाही. आमच्या घरावर आजवर जी संकटं आली, ती बहुतेक त्यामुळेच आली.

आमच्या मीराच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी वारज्याहून स्कूटरवर निघालो आणि पेठेतल्या सराफाकडून पॉलिशला दिलेली नथ घेतली. ही नथ माझ्या सासूबाईंची. त्या आता नाहीत. मीराने ती घालूनच पाटावर बसायचं, हे सुधाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, वर्षभरापूर्वीच ठरवलं होतं.

"नथ खिशात ठेवा," सुधाने बजावलं होतं. पण खिशापेक्षा डिकी सुरक्षित, अशी मला खात्री वाटली. (का वाटली, हे विचारू नका. खात्रीला कारण लागत नाही.) नथ डिकीत ठेवली, बुधवार पेठेत गणपतीला नारळ वाढवला, परत येऊन राखाडी स्कूटरला किल्ली लावली आणि थेट घर गाठलं.

सुधाने डिकी उघडली. आत निळा रेनकोट, खारीचा पुडा आणि गुडघ्याला बांधायचा पट्टा! नथ नाही!

"चोरी!" मी ओरडलो. "चोराने नथ नेली आणि स्वतःचं सामान आपल्या डिकीत टाकलं!"

"चोर गुडघ्याचा पट्टा वापरतो?"

"पळून पळून दुखत असतील गुडघे!"

"अहो, पण ही गाडी तरी आपली आहे का?"

"सुधा, बारा वर्षं या सीटवर बसतोय मी. मला कळणार नाही?"

 सुधाचे डोळे भरून आले होते. आईची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे उरली होती. मला फार अपराधी वाटलं, पण खात्री तसूभर हलली नाही. तिला मागे बसवून मी पोलीस चौकीकडे निघालो. (निघताना दोन खाऱ्या खाल्ल्या. माझ्याच डिकीतल्या होत्या ना!)

चौकीत माझ्याच वयाचे एक गृहस्थ गुडघा चोळत तक्रार लिहून देत होते. "राखाडी स्कूटर. डिकीत निळा रेनकोट, खारी आणि गुडघ्याचा पट्टा."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"हवालदारसाहेब, हाच तो चोर!" मी बोट रोखून म्हणालो. "सगळा मुद्देमाल माझ्या डिकीत आहे!"

हवालदार शांतपणे बाहेर गेले, नंबरप्लेट बघून आले आणि म्हणाले, "काका, तुमच्या गाडीचा नंबर सांगा."

मी खणखणीत आवाजात सांगितला.

"तो गॅसचा ग्राहक क्रमांक आहे," मागून सुधा म्हणाली.

गृहस्थांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. "म्हणजे आपण माझी गाडी पळवलीत, आणि तिच्यावरच बसून माझी तक्रार करायला आलात. पेट्रोल तरी भरलंत का?"

"अहो, माझी किल्ली लागली तिला!"

"अशा जुन्या गाडीला चमचासुद्धा लागतो. म्हणून चमचे काय डिकीवर हक्क सांगतात?" एवढं बोलून ते बाहेर गेले आणि डिकीतला पुडा आणून त्यांनी उघडला. "दोन खाऱ्या कमी आहेत."

हवालदारांनी वहीत डोकं खुपसलं. ते हसत होते, याचीही मला खात्री आहे.

आमची गाडी मी लावली होती तिथेच उभी होती, त्यांच्या गाडीच्या जागेपासून फक्त तीन गाड्या पलीकडे. डिकीत नथ सुखरूप! सुधाने ती मुठीत घट्ट धरली आणि रडत रडत हसली. मी मात्र तिथेच शपथ घेतली, की यापुढे प्रत्येक गोष्टीची शहानिशा करायची.

दुसऱ्या दिवशी मीरा ती नथ घालून पाटावर बसली. फार गोड दिसत होती. व्याही कौतुकाने म्हणाले, "वा, नथ सुरेख आहे हो!" तेवढ्यात मला शपथ आठवली. मी वाकून नथ नीट निरखली आणि सगळ्यांसमोर सुधाला विचारलं, "पण ही नक्की आपलीच ना?"

 व्याह्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. सुधाने माझ्याकडे पाहिलं. आणि तिच्या त्या एका नजरेत मला पक्की खात्री पटली, की आज माझ्या पानात मसालेभात पडणार नाही.

आयुष्यात माझी एवढी एकच खात्री खरी ठरली.