परचुरेबाईंचं खारं पाणी

ठाकुर्ली पूर्वेला आमची तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली इमारत आहे. दुसऱ्या मजल्यावर मी, सौमित्र आगाशे, आणि माझी बायको शिवानी. आमच्या बरोबर वर सुमती परचुरे राहायच्या. चार वर्षं त्या माझ्या डोक्यावर राहिल्या आणि त्या चार वर्षांत आमच्यात एक वाक्य धड गोडीत झालं नाही. मी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करतो. लोकांच्या घरातली गळती, पडझड बघून अहवाल लिहितो. स्वतःच्या छतापुढे मात्र माझं काही चाललं नाही.

बाई कल्याणच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होत्या. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या वरचा फ्लॅट घेतला. सामान आलं त्याच दिवशी पाच फूट लांबीची काचेची टाकी चौघांनी जिन्यावरून वर चढवली. मी दारात उभा होतो. शेजारधर्म म्हणून विचारलं, "फिश टँक का?"

"मासे कमीच आहेत त्यात," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही दारातून जरा आत व्हाल तर टाकी वळेल."

ही आमची ओळख.

दर पंधरा दिवसांनी उरणहून नाथा नावाचा टेंपोवाला यायचा. वीस-वीस लिटरचे दहा निळे कॅन. त्यांत समुद्राचं पाणी. तो ते दोन-दोन करून वर न्यायचा आणि जुनं पाणी खाली आणून गटारात ओतायचा. जिन्यावर पांढरे डाग उमटायचे. वास मच्छीबाजाराचा नव्हता, पण ओल्या दोरखंडासारखा काहीतरी होता आणि तो आमच्या हॉलमध्ये मुक्कामालाच आला.

पहिल्या पावसाळ्यात छतावर ताटाएवढा डाग पडला. पावसाळा संपला, डाग वाढतच राहिला. शेवटी नाथाला विचारलं तेव्हा कारण माझ्या लक्षात आलं. मोठ्या टाकीखाली त्यांची एक छोटी टाकी होती आणि पंप पाणी खालून वर फिरवत ठेवायचा. वीज गेली की पंप बंद, मग नळीतलं पाणी उलटं खाली उतरायचं आणि छोटी टाकी भरून वाहायची. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते ठाकुर्लीकरांना सांगायला नको. दिवे गेले की शिवानी मेणबत्ती शोधायच्या आधी वर बघायची.

मी वर गेलो. म्हटलं, "बाई, खाली येऊन एकदा छत बघा."

"छत तुमचं आहे. बघायचं तुम्ही."

"पाणी तुमचं आहे."

"सिद्ध करा. तुमचा तर तोच धंदा आहे ना?"

मी सोसायटीकडून नोटीस काढून घेतली. ती दोन दिवसांनी आमच्या दाराखालून परत आली, लाल शाईने तपासलेली. तीन ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, एका वाक्याखाली रेघ आणि समासात शेरा: 'कर्ता कुठे आहे?' पुढच्या नोटिसा अशाच येत गेल्या. सेक्रेटरीने नंतर नोटीस लिहायचंच बंद केलं. मला म्हणाला, "घरी माझी बायको हसते."

एकदा कमिटीबरोबर मी त्यांच्या घरात शिरलोच. मला वाटलेलं, आत निळे-पिवळे मासे असतील, हॉटेलात असतात तसे. तसलं काही नव्हतं. तपकिरी दगड, त्यांना चिकटलेली कालवं, कोणाच्या तरी शंखात घर करून राहिलेले खेकडे, आणि काही समुद्रफुलं, म्हणजे देठावर बसवलेल्या लिबलिबीत शेवंत्या. एका कोपऱ्यात चिखल आणि त्यावर दोन निवट्या, चिखलात सरपटणारे ते मासे, डोळे वटारून. सगळं आपल्याच किनाऱ्यावरचं. मी म्हटलं, "यासाठी माझं छत सडवताय? या चिखलासाठी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. सेक्रेटरीला म्हणाल्या, "पाहणी झाली असेल तर दार तिकडे आहे."

तिसऱ्या वर्षी मी ठरवलं की पुरावाच गोळा करायचा. अमावास्येच्या आसपास बाई नाथाच्या टेंपोत बसून किनाऱ्यावर जातात हे मला माहीत होतं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी मोटरसायकल काढली आणि टेंपोच्या मागे उरणपर्यंत गेलो. आता सांगताना लाज वाटते, तेव्हा वाटली नाही.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी पार मागे गेलेलं. खडक उघडे पडलेले. बाई गुडघ्यापर्यंत साडी खोचून, पायात कॅन्व्हासचे बूट घालून त्यांत फिरत होत्या. दगड उचलायच्या, खाली बघायच्या आणि जसा होता तसाच, त्याच अंगावर परत ठेवायच्या. सहलीला आलेली काही पोरं काठीने एक खेकडा डिवचत होती. त्यांच्यावर त्या अशा ओरडल्या की पोरं चपला हातात घेऊन पळाली. मी मोबाईलवर सगळं घेत होतो. दहा मिनिटांत त्यांनी मला ओळखलं.

त्या जवळ आल्या. मला वाटलं आता तोंड सोडतील.

"आलाच आहात तर हा धरा," त्या म्हणाल्या आणि नारळाएवढा दगड माझ्या डाव्या हातात दिला. कालवांनी भरलेला, धारदार. "सरळ धरा. उलटा केलात तर खालचे मरतील."

मी धरला. का धरला, सांगता येत नाही. उजव्या हातात मोबाईल, डाव्या हातात दगड, बोटातून रक्त. नाथा कॅन घेऊन येईपर्यंत दहा मिनिटं मी तसाच उभा होतो. बाईंनी दगड कॅनमध्ये सोडला, माझं बोट बघितलं आणि म्हणाल्या, "कालव लागलं की पिकतं. साबणाने धुवा." आभार वगैरे नाहीत. येतो-जातो नाही. टेंपो निघून गेला.

तो व्हिडिओ मी आठ महिने तसाच ठेवला. मग ऑक्टोबरात एका दुपारी हॉलच्या छताचा गिलावा सुटला आणि शिवानीच्या खांद्यावर पडला. चार टाके. वर सळ्या दिसायला लागल्या, गंजून फुगलेल्या. मी वर जाऊन दार बडवलं. त्यांनी साखळी लावून फटीतून बघितलं.

"माझ्या बायकोचा खांदा फुटलाय."

"डॉक्टरकडे नेलंत का?"

"नेलं."

"मग इथे काय करताय?"

त्याच संध्याकाळी मी तक्रार लिहिली. सोसायटीला नाही, सरकारी खात्याला. परचुरे नावाच्या बाई किनाऱ्यावरून संरक्षित जीव उचलून आणतात आणि घरात ठेवतात, सोबत चित्रफीत जोडली आहे. त्यांच्याकडे संरक्षित असं काही आहे की नाही, मला ठाऊक नव्हतं. मला फक्त ती टाकी खाली उतरलेली बघायची होती.

खात्याचं नाव मी लिहीत नाही. दोन माणसं आणि त्यांच्याबरोबर कॉलेजातली एक तज्ज्ञ मुलगी अशी तिघं आली. मुलीने टॉर्च लावून तासभर टाकी बघितली. मासे चालतील, खेकडे चालतील, समुद्रफुलं चालतील. मग ती थांबली. कालवांच्या एका दगडावर, बोराएवढं, फिकट हिरवं काहीतरी होतं. प्रवाळ. आपल्या कायद्यात प्रवाळाला वाघाच्या रांगेत बसवलंय, हे मला तेव्हा कळलं.

"हे बाहेरून आणलेलं नाही," ती मुलगी म्हणाली. "पिल्लू पाण्याबरोबर किंवा दगडाबरोबर आलेलं असणार, डोळ्यांना न दिसणारं. इथे वाढलंय."

"कसं आलं ते नंतर," अधिकारी म्हणाला. "घरात आहे ना?"

त्यांनी तो दगड एका बादलीत घातला. बाई पहिल्यांदाच काकुळतीला आल्या. "हवेचा पंप लावा हो त्याला. उन्हात ठेवू नका. हा माझा छोटा पंप घ्या, बॅटरीवर चालतो." त्यांनी पंप घेतला नाही. मुद्देमालात तो बसत नव्हता.

आठ दिवसांनी ठाण्याच्या कार्यालयातून बोलावणं आलं, त्यांना आणि तक्रारदार म्हणून मलाही. बाहेर एकच बाकडं होतं. अकरा ते तीन आम्ही त्याच्या दोन टोकांना बसून राहिलो. दीडच्या सुमारास त्यांनी डबा काढला, खाल्ला, झाकण लावलं. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी त्यांना बरण्यांत भरलं, आगाशे. फॉर्मॅलिन ओतायचं, चिठ्ठी लावायची. पोरांना वाटायचं समुद्रातले प्राणी पांढरेच असतात. मग विभाग बंद झाला आणि सगळ्या बरण्या एका दिवसात कचऱ्याच्या गाडीत गेल्या."

त्यांनी डबा पिशवीत घातला.

"ते बारकं प्रवाळ मला तीन आठवड्यांपूर्वी दिसलं होतं. कळवायला हवं होतं, कायदा मला पाठ आहे. कळवलं असतं तर त्यांनी नेलं असतं आणि मारलं असतं."

"मग आता?"

"आता तुम्ही कळवलंत."

आत बोलावलं. साहेबाने माझाच व्हिडिओ संगणकावर लावला. बाई वाकतात, दगड उचलतात, आणि मग पडद्यावर एक हात येतो. तो दगड घेतो. सरळ धरतो. बोटातून रक्त येतं. रेकॉर्डिंग चालूच राहिलेलं. मी तक्रारीला जोडताना तो शेवट बघितलाच नव्हता.

"हा हात कोणाचा?" साहेबाने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "यांचा. सौमित्र आगाशे. तुम्ही जप्त केलात तोच दगड आहे, टोकाला फुटलेलं मोठं कालव बघा."

त्यांच्या आवाजात जराही दया नव्हती. असायचं कारणही नव्हतं. साहेब माझ्याकडे बघून हसला, मग हसणं आवरून त्याने दोन कागद पुढे सरकवले. पुन्हा असं करणार नाही अशी लेखी हमी, एक त्यांची, एक माझी. समज देऊन प्रकरण मिटवलं. सह्या करताना बाईंनी माझा कागद वाचला आणि म्हणाल्या, "'उचलला' मध्ये काना राहिलाय." मी काना दिला.

निघताना त्यांनी दगड बघायला मागितला. शिपायाने आणला. बादलीत चार बोटं पाणी, वर साय आलेली. बोराएवढं ते प्रवाळ पांढरं पडलेलं. बाईंनी वाकून वास घेतला, पदराने नाक पुसलं आणि चालायला लागल्या. रिक्षा स्टँडपर्यंत त्या पुढे आणि मी मागे चाललो. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण शिवानीचा खांदाही डोळ्यांपुढे होता. शेवटी मी वेगळी रिक्षा केली.

जानेवारीत इमारतीची तपासणी झाली. तिसऱ्या मजल्यावर एवढं वजन चालणार नाही असा अहवाल आला. बाईंनी तो वाचला, या वेळी लाल शाई न लावता. ठाण्यात, बाळकुमच्या एका नव्या संकुलात त्यांच्या भाचीचा, संचिताचा, फ्लॅट रिकामा होता. तिकडे जायचं ठरलं. टाकीतले जीव पुन्हा समुद्रात सोडता येत नाहीत, टाकीतला रोग तिकडे जाईल, असं त्यांनी नाथाला समजावताना मी जिन्यात ऐकलं. एकेक जीव झाकणाच्या डब्यात भरून, त्या स्वतः तीन फेऱ्या करून घेऊन गेल्या.

रिकामी टाकी उतरवताना आमच्या मजल्यावर अडकली. चौथ्या माणसाला उभं राहायला जागाच नव्हती. मी दार पूर्ण उघडलं आणि सोफा सरकवला. टाकीचं एक टोक आमच्या हॉलमध्ये आलं आणि टाकीबरोबर बाईही आत आल्या. आत आल्यावर त्यांना वर बघावंच लागलं. चार वर्षांत पहिल्यांदा. डाग भिंतीपर्यंत उतरलेला, सळ्या उघड्या, कडेला मिठाचे पांढरे पोपडे. त्यांनी बोटाने एक पोपडा खरवडला आणि जिभेला लावला.

"माझंच पाणी आहे," त्या म्हणाल्या.

शिवानी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बाई तिच्याकडे वळल्या. "खांदा कसा आहे?"

"वर उचलला की दुखतो."

"ते माझ्याकडून झालं. त्याची मला लाज वाटते." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही केलंत ते वेगळं आहे. ते मी विसरणार नाही."

"मीही विसरणार नाही," मी म्हटलं. खरंच तेवढंच सुचलं.

छत दुरुस्त करायला दोन महिने लागले. मग एप्रिलमध्ये बाळकुमहून फोन आला. तिथल्या सोसायटीचा सेक्रेटरी, उत्तम म्हात्रे. आवाज सावध होता. "आगाशेसाहेब, परचुरेबाई तुमच्या वर राहायच्या ना? इथे त्यांना सहाव्या मजल्यावर टाकी ठेवायचीय. लोक नाही म्हणतायत. तुमचं काय म्हणणं? बाई कशा आहेत?"

माझ्याकडे सांगण्यासारखं भरपूर होतं. मी खुर्ची ओढून बसलोसुद्धा.

"भांडखोर आहेत," मी म्हटलं. "ऐकणार नाहीत. नोटीस दिलीत तर शुद्धलेखन तपासतील. वीज गेली की पाणी सांडतं, ते मात्र खरंच सांडतं. खाली कोणी राहत असेल तर टाकी ठेवू देऊ नका."

"म्हणजे नकोच ना?"

"तळमजल्यावर काही आहे का? पार्किंगशेजारी एखादी खोली?"

"वॉचमनची जुनी खोली आहे. बंदच असते."

"मग ती द्या. आणि इन्व्हर्टर लावायला सांगा."

दोन दिवसांनी माझ्या मोबाईलवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला. 'खोलीबद्दल तुम्ही बोललात असे कळले. मी तुम्हाला तसे सांगितले नव्हते. सु. परचुरे.'

शिवानी म्हणाली, काहीतरी उत्तर दे. मी अर्धा तास मोबाईल घेऊन बसलो. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. एक तर काय लिहावं कळेना, आणि लिहिलेलं ऱ्हस्व-दीर्घासकट बरोबर आहे की नाही, याची खात्री होईना.