घरचा दुभाषा

परमुलुखात आला तेव्हा त्याला तिथल्या भाषेतला एकच शब्द येत होता, तो म्हणजे 'हो'. मुकादम काहीही म्हणाला तरी हा हो म्हणायचा. खोलीतल्या गाववाल्यांनी त्याचं नाव 'होयबा' ठेवलं, आणि त्यालाही तो हो म्हणाला. पुढे भाषा चांगली आली, पण सवय काही सुटली नाही.

होयबा एका खाजगी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत होता. लॉन्ड्री तळघरात. वरच्या मजल्यांवरच्या चादरी, गाऊन, टॉवेल ट्रॉल्या भरभरून खाली यायचे. ऑपरेशनच्या हिरव्या चादरींची ट्रॉली वेगळी, आणि शुक्रवारी ती हमखास उतू जायची. शेजारी घड्या घालणारी बाई म्हणायची, "डॉक्टरांना शनिवार-रविवार मोकळा हवा असतो. म्हणून बाळंतिणींची पोटं शुक्रवारी फाडतात." बाई बोलण्यात पटाईत आणि होयबा ऐकण्यात. इथे बाळ जन्माला येत नाही, ते काढतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

बायकोला दिवस गेले आणि कामगारांच्या सवलतीत तिचं नाव त्याच हॉस्पिटलात घातलं, तेव्हापासून त्याला घास गोड लागेना. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सासूबाईंना यायची परवानगी मिळाली नव्हती. टाके घातलेली बायको आणि तान्हं बाळ घरात एकटी, आणि हा दिवसभर तळघरात. तिला हात धरून उठवणार कोण? सासूबाई फोनवरून बजावायच्या, "जावईबापू, त्यांना घाई करू देऊ नका हं. आमच्याकडे कुणाचं पोट फाडायची वेळ आलेली नाही." होयबा त्यांनाही हो म्हणायचा.

बायको त्याच्या अगदी उलट, तोंडाने फटकळ आणि मनाने स्वच्छ. पण तिला येऊन वर्षही झालं नव्हतं, तिथली भाषा तिच्या डोक्यावरून जायची. तपासणीला डॉक्टरीणबाई विचारायच्या, होयबा तिला सांगायचा, ती उत्तर द्यायची, होयबा ते पोचवायचा. घरचा दुभाषा असल्यावर बाहेरचा कशाला, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

शेवटच्या महिन्यातली तपासणी नेमकी शुक्रवारी आली. लागोपाठ दोन पाळ्या करून होयबा तसाच वर आला होता. डोळे तारवटलेले, हातांना साबणाचा वास. डॉक्टरीणबाईही दमलेल्या दिसत होत्या. "बाळाची हालचाल?" त्यांनी विचारलं.

"त्यांना सांगा, कालपासून गप्पच आहे," बायको म्हणाली. "एरवी मी जेवले की लाथा सुरू. काल जेवले, गार पाणी प्यायले, कूस बदलून बघितली, तरी काही नाही. मला फार भीती वाटतेय."

होयबाने तोंड उघडलं. एवढं सांगितलं तर या आत्ताच टेबलावर घेतील, त्यातून आज शुक्रवार. पोटातली लेकरंही झोपतात की, सोमवारपर्यंत हलेल आपोआप. दमलेल्या माणसाला जे सोयीचं असतं तेच खरं वाटायला लागतं.

"सगळं ठीक," तो बाईंना म्हणाला.

बाई लिहू लागल्या. बायको आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली.

"अहो, मी एवढं रामायण सांगितलं आणि तुम्ही दोन शब्दांत आटोपलंत?"

"त्यांच्या भाषेत थोडक्यातच असतं."

ती खुर्चीचा हात धरून उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि बाईंचा हात पेनासकट उचलून तिने आपल्या पोटावर ठेवला. मग मान हलवली, नाही. पुन्हा हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बाईंनी होयबाकडे पाहिलं. "मघाशी ही काय म्हणाली?"

याला हो म्हणून भागणार नव्हतं. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत, रागवायला वेळच नव्हता. पोटाला पट्टे बांधले, मशीन लावलं. बाळाचे ठोके मधूनमधून खाली घसरत होते. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल, बाई म्हणाल्या. या खेपेला होयबाने शब्दन् शब्द पोचवला. ठोके, भूल, टाके, धोका, सगळं. बायकोने ऐकून घेतलं आणि डोळे मिटले. तिला आत नेलं.

होयबा बाहेरच्या बाकावर बसून राहिला. टाके चुकवायला निघालो आणि आपल्याच लेकराच्या जिवाशी खेळलो, या विचाराने त्याला स्वतःची किळस येत होती. अंग इतकं शिणलं होतं की रडूही येत नव्हतं.

मुलगी झाली. आधी रडली नाही, मग रडली. बाईंनी बाहेर येऊन सांगितलं, आजचा दिवस काचेच्या पेटीत ठेवू, उद्या आईजवळ देऊ, घाबरण्यासारखं काही नाही. बायको भुलीतून जागी झाली तेव्हा होयबा उशाशीच उभा होता.

"मुलगी आहे," तो म्हणाला. "सुखरूप आहे. आज पेटीत ठेवलीय, उद्या तुझ्याजवळ देतील. डॉक्टरीणबाईंनी स्वतः सांगितलंय."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सुकल्या ओठांवरून जीभ फिरवली, मान वळवली, आणि सलाईन बदलायला आलेल्या नर्सच्या चेहऱ्याकडे ती निरखून बघत राहिली.