मोंघीला दिसणारं पाणी

मांडवी बंदरात, नदीकाठी जिथे गलबतं बांधतात, तिथे मोंघीबाई कापसाचे पेळू वळायची. सकाळी फडक्यात बाजरीचा रोटला बांधून यायची, अर्ध्या उभ्या गलबताच्या सावलीत बूड टेकायची आणि मांडीवर कापूस घेऊन तेलाच्या हाताने लांबच लांब वात वळत बसायची. ते पेळू हासमभाई फळ्यांच्या सांध्यांत ठासायचा. लोखंडी पट्टी सांध्यावर धरायची आणि वरून लाकडी मोगरीने टोक, टोक, टोक. तिचा कापूस आणि त्याची मोगरी यांवर कित्येक गलबतं मस्कतला जाऊन आली, पण दोघांमधलं बोलणं म्हणजे "आणखी दे" आणि "घ्या". भांडलेल्या जावासुद्धा एकमेकींशी यापेक्षा जास्त बोलतात.

मोंघीच्या तोंडाला कुलूप आहे हे खलाशी खारव्यांच्या सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. बायकांची तक्रार दुसरीच होती. "बघते कशी मेली," त्या म्हणायच्या, "पोराला मुलगी पसंत करायला आल्यासारखी. डोक्यापासून नखापर्यंत." आणि ते खरंच होतं. समोर कुणीही आलं की मोंघीची नजर आधी केसांवर जायची, मग खांद्यांवर, मग कपड्यांच्या काठांवर. तेवढं बघून झालं की ती सुटल्यासारखी श्वास सोडायची आणि पुन्हा कापसाकडे वळायची. माणूस कोरडा आहे, एवढंच तिला बघायचं असायचं.

हे तिच्या मागे लहानपणापासून लागलं होतं. एका दुपारी, उन्हाने अंगण भाजत असताना, शेजारचा कानजी तांडेल दारावरून चालला होता. त्याच्या मुंडाशातून पाणी ओघळत होतं, भुवयांवरून ठिबकत होतं, सदरा पाठीला चिकटला होता आणि खाली जमिनीवर एक थेंब पडत नव्हता. "काका, डोकं पुसा ना, सर्दी होईल," मोंघी म्हणाली. तो हसला, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून गेला, आणि त्याच हंगामात त्याचं गलबत त्याच्याशिवाय परत आलं. मोंघीच्या आईने तिला चुलीपाशी नेलं. मारलं नाही. दोन बोटांनी तिचा जबडा दाबून धरला आणि म्हणाली, "पुन्हा दिसलं तर गिळायचं. असं सांगणाऱ्या पोरीला लोक डाकीण म्हणतात."

मोंघीने गिळलं. चहाच्या टपरीवर निथळणारी माणसं बघून गिळलं. एकदा एका लग्नात नवरदेव मांडवात पाण्याने थबथबून उभा होता, अंगावरची हळद मात्र जशीच्या तशी. तेव्हाही ती गिळून पंगतीला बसली. तिने हात लावून पाहिलं होतं. बोटं कोरडीच राहायची. पाणी दिसायचं फक्त, लागायचं नाही.

एकदाच तिला गिळवलं नाही. लग्नाला तीन वर्षं झाली होती, लधा पाळण्यात होता आणि नवरा, भाणजी, एका पहाटे अंथरुणात ओलाचिंब दिसला. त्याचं गलबत निघायला आलं होतं. मोंघीने सांगितलं कुणालाच नाही. जात्याची वरची तळी उचलली आणि झोपलेल्या नवऱ्याच्या पायावर सोडली. पाय मोडला. हातातून निसटली म्हणून रडली, आणि ते रडणं अगदीच खोटं नव्हतं.

पण खारव्यांची एक रीत तिच्या ध्यानातच आली नाही. गलबतावरची जागा माणसाची नसते, घराची असते. एक आजारी पडला तर त्याच घरातून दुसरा जातो, नाहीतर घराचा शब्द गेला. भाणजीचा धाकटा भाऊ वस्ता उड्या मारतच तयार झाला. मोंघीने स्वतः त्याची वळकटी बांधली. त्याने ती उचलून खांद्यावर टाकली आणि त्याच क्षणी खाटेवरचा भाणजी कुणी फडक्याने पुसल्यासारखा कोरडा झाला. वस्ताच्या केसांतून पाणी ओघळायला लागलं. मोंघीने तोंड उघडलं, पण जबड्यावर आईची दोन बोटं जाणवली आणि शब्द आतच राहिला. वस्ता उंबरा ओलांडून गेला. त्याचं काही परत आलं नाही, साधी टोपीसुद्धा नाही. भाणजी पुढे तापाने गेला, घरात, कोरडा. पण तोवर जेवताना भावाच्या जागेकडे बघून रोज थांबायचा, आणि मोंघी चुलीकडे तोंड करून बसायची.

आता लधा बापाएवढा झाला होता. उंच, चेष्टेखोर, आईने दहा शब्द विचारले तर शंभर ऐकवणारा. रवजी तांडेलच्या नव्या गलबतावर त्याला जागा मिळाली होती. गलबत अजून काठावर होतं, मोंघीचाच कापूस त्याच्या सांध्यांत जात होता. आणि एका सकाळी लधा अंगणात दातण चघळत उभा असताना तिने पाहिलं, त्याच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं. कानांच्या पाळ्यांवरून. बाह्यांच्या कडांवरून. ती होती तिथे खाली बसली.

"काय गं मा, चक्कर आली?"

"नाही. तोंड धुतलंस का?"

"अजून कुठे? अशी काय बघतेस, भूत बघितल्यासारखी?"

कोण जाणार ते तिला कळायचं. कुठल्या पाण्यात, ते कधीच कळायचं नाही. समुद्र असेल, नदी असेल, गावातली विहीर असेल. पोराला घरात कोंडावं तर किती दिवस? ती पेळू वळत राहिली, पण डोळे लधाच्या वाटेवर असायचे आणि वाती जाड-बारीक व्हायला लागल्या. हासमभाईने दोन-तीन परत केल्या. तसं कधी झालं नव्हतं.

मग गलबत भरायचा दिवस आला. नवं गलबत पाण्यात लोटण्याआधी जमिनीवरच त्याच्या पोटात पाणी भरतात. बाहेरचं आत येईल का, हे बघायला आतलं बाहेर येतं का ते बघायचं. सगळा काठ जमला होता. भरलेल्या गलबताखालून हासमभाई वाकून फिरत होता, सांधा न् सांधा बोटांनी चाचपत होता. एके जागी तो थांबला. फळीला कान लावला. मोगरीने तीन ठोके दिले आणि तसाच राहिला. मोंघी जवळच होती. तिने त्याच्या तोंडावरचा रंग उतरताना पाहिला. त्याने पुन्हा ठोके दिले, या वेळी दोनच, आणि झटकन कान काढून घेतला.

एक थेंब गळला नव्हता. रवजी तांडेल खूश झाला, "हासमचाचा, तुमच्या सांध्यातून वारासुद्धा परवानगी मागून जाईल," म्हणाला आणि गूळ वाटायला गेला. हासमभाई मोंघीशेजारी येऊन बसला.

"मोंघीबेन, एक विचारू? तू माणसांकडे अशी का बघतेस?"

"कशी?"

"तू खाटीक असतीस तर म्हटलं असतं, वजन करतेस."

मोंघीने नवा पेळू वळायला घेतला.

"बरं, मग आधी माझं ऐक," तो म्हणाला. "आत माणूस नाही, नुसतं पाणी आहे, तूही बघितलंस. मी बाहेरून तीन ठोके दिले. आतून तीन आले. दोन दिले, दोन आले."

"फळी घुमत असेल."

"घुमणाऱ्या फळीला नखं नसतात." त्याने स्वतःच्या नखांकडे पाहिलं. "आतून खरवडतं गं. माझ्या हाताखालून गेलेल्या ज्या ज्या गलबताने असं उत्तर दिलं, त्याने एक माणूस घेतला. एकच, पण घेतला. कोण ते कळत नाही. मग सांगू तरी कुणाला? तांडेल म्हणेल, चाचा म्हातारा झाला, अफू जास्त झाली."

मोंघीच्या हातातला पेळू तुटला. "कोण ते मला कळतं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य तिच्या तोंडून निघालं, आणि तिला ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

हासमभाईने तिच्याकडे मान वळवली. तिने हनुवटीनेच दाखवलं. पलीकडे लाकडाच्या ओंडक्यावर लधा गूळ खात बसला होता, कुणाच्या तरी विनोदावर हसत होता, आणि धो धो पाणी त्याच्या अंगावरून वाहत होतं.

"या अल्ला," हासमभाई हळूच म्हणाला. "तुझा एकुलता."

मग तिने त्याला सगळं सांगितलं. जात्याची तळी, वस्ता, वळकटी. हासमभाईने मोगरी बाजूला ठेवली. शेवटी म्हणाला, "आता तुझ्या घरात दुसरा पुरुष कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग लधा उतरला की जागा रिकामी. घ्यायला कोणी उरतच नाही."

"नक्की?"

"मला ठोके ऐकू येतात, बेन. हिशेब कोण ठेवतो ते ऐकू येत नाही."

त्या संध्याकाळी मोंघीने लधाला सांगून पाहिलं. या गलबतावर जाऊ नकोस, दुसऱ्यावर जा, एवढंच. लधा आधी हसला, मग त्याचा चेहरा बदलला. "बापाने पाय मोडून घेतला आणि काकाला पाठवलं, असं लोक अजून बोलतात, माहीत आहे तुला? मी आईच्या पदराखाली बसलो तर काय बोलतील? नाही मा. माझा बाप बसला, मी नाही बसणार." मोंघीच्या काळजात ते सुरीसारखं गेलं. भाणजी बसला नव्हता, तिने बसवला होता. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि सगळं ऐकूनही हा गेला असता.

गलबत पाण्यात उतरलं, खजूर आणायला निघायची तयारी झाली. निघायच्या दिवशी धक्क्यावर बायका ओळीने उभ्या होत्या, ओठ मिटून. खलाशाची पाठ वळली की त्याला मागून हाक मारायची नाही, कुठे निघालास असं तर चुकूनही विचारायचं नाही. रडणाऱ्या पोरांच्या तोंडावरसुद्धा हात ठेवतात. विधवा तर भिंतीच्या आडच थांबतात. लधा वळकटी घेऊन गलबताला लावलेल्या फळीवर चढला. प्रत्येक पावलाला त्याच्या टाचांमधून पाणी उसळत होतं.

मोंघी भिंतीआडून निघाली, बायकांच्या ओळीतून वाट काढत पाण्याच्या कडेला आली आणि मोठ्याने म्हणाली, "लधा! कुठे निघालास रे?"

ओळीतल्या बायका तिच्यापासून मागे सरकल्या. लधा फळीच्या मध्यावर थिजला. वरून रवजी तांडेलने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "उतर."

"तांडेलभाई, ती वेडी आहे, तिला काही..."

"उतर म्हटलं ना. भरती थांबत नाही. आणि या घरचा माणूस मला आता नको, कुठलाच."

मागून बायकांची तोंडं सुटली. सटवी, अवदसा, पोटच्या पोराला टोकणारी आई कुणी बघितली होती का. लधा परत फिरला. चेहरा अपमानाने काळा पडला होता. त्याने धक्क्यावर पाय ठेवला आणि मोंघीच्या डोळ्यांसमोर तो कोरडा झाला. केस वाऱ्याने उडायला लागले. तिने लगेच गलबताकडे मान वळवली. कठड्याशी उभे असलेले खलाशी एकामागून एक पाहिले, रवजीला पाहिलं, शिडाच्या दोरावर चढलेल्या पोराला पाहिलं. सगळे कोरडे. भाणजीच्या वेळी जे झालं होतं ते झालं नव्हतं. शेजारी हासमभाई आला होता. सरकत्या गलबतावर त्याने मोगरीने दोन ठोके दिले आणि कान टवकारले.

"गप्प आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले. "कोण आता, बेन? कोणी दिसतं?"

"कोणी नाही. सगळे कोरडे आहेत. तुम्हीसुद्धा."

तो हसायला लागला. मोंघीही हसली असती, पण पदर खांद्यावरून ओढत होता. सावरायला गेली तर हाताला जड लागला. तिने पिळला. बोटांच्या फटींतून खारं, गार पाणी मनगटावर आलं, कोपरापर्यंत गेलं. आजवर पाणी तिला दिसलं होतं. आज पहिल्यांदा लागलं. घराच्या जागेला पुरुषच हवा, असं पाण्याने कधी म्हटलंच नव्हतं. ते खारव्यांनी गृहीत धरलं होतं.

"काय झालं?" हासमभाईने विचारलं.

"काही नाही. ऊन लागलं," ती म्हणाली, आणि लधाच्या मागे घराकडे चालू लागली.

ती घाबरली होती, खोटं कशाला. होडीत कधी पाय न टाकलेली बाई. तिला समुद्र नेणार कसा, हेही तिच्या डोक्यात आलं. विहीर होती, नदी होती, पावसात भरणारा नाला होता. पण भीतीच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते इतकं मोठं होतं की तिला रस्त्यातच थांबून श्वास घ्यावा लागला. ती खूश होती. वस्ता गेल्यापासून इतकी खूश ती कधीच नव्हती.

लधा घरात भिंतीकडे तोंड करून पडला होता. "माझ्याशी बोलू नकोस," तो म्हणाला. "वर्षभर मला कुणी गलबतावर घेणार नाही. तू मला मारून टाकलंस."

"बरं," मोंघी म्हणाली. तिने चूल पेटवली, परातीत बाजरीचं पीठ घेतलं आणि मळायला बसली. कोपरावरून आलेलं पाणी पिठात उतरत राहिलं. पीठ मळून झालं तेव्हा पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता. तिने रोटला थापून तव्यावर टाकला, त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसून त्याचे केस बघत राहिली. केसांत धक्क्यावरची धूळ होती. बराच वेळ तो हलला नाही. मग उठला, तिच्याकडे न बघता जेवायला लागला, आणि पहिला रोटला संपल्यावर न बोलता ताट पुढे केलं. तिने दुसरा वाढला.