धुतलेली टरफलं

दोन हजारनंतरची ती वर्षं. कोल्हापुरात, प्रयोगशाळेत मी हाड बनवते, असं घरचे चारचौघांत सांगत. बनवत होते मी बोटाच्या पेराएवढा ठोकळा. अंड्याची टरफलं भट्टीत भाजून त्यांपासून हाडातला क्षार तयार करायचा, अंगात विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये तो कालवायचा, वर चाळलेलं मीठ घालायचं. घट्ट झालं की पाण्यात ठेवायचं. मीठ निघून जातं, त्याच्या जागी छिद्रं राहतात. त्या छिद्रांत पेशी शिरून नवं हाड वाढावं, ही आशा. माझ्या ठोकळ्यांचा पाण्यातच भुगा व्हायचा.

त्याच सुमारास गगनबावड्याच्या रस्त्यावर अण्णाची, माझ्या थोरल्या भावाची, मोटारसायकल घसरली. नडगीचा चुरा झाला. जखमेत पू झाला. सडलेलं हाड डॉक्टरांनी काढलं, तेव्हा मधे चार बोटं जागा रिकामी राहिली. त्याचा चेहरा बघवेना म्हणून मी बोलून गेले, "घाबरू नको, तेवढं हाड मी भाजून देते." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

पू थांबेना. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढू, निदान गुडघा वाचेल. अण्णा उलट त्यांनाच समजावायला लागला, "माझी भन हाड करतीया की. थांबा वाईच." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे बघत बसले.

आमचं घर लिंगायतांचं. अंड्याचं नावही स्वयंपाकघरात काढायची सोय नव्हती. आणि एका सकाळी अव्वानं, माझ्या आईनं, माझ्यापुढं पिशवी ठेवली. कोपऱ्यावरच्या आम्लेटच्या गाडीवरून तिनं टरफलं मागून आणली होती. परसातल्या नळाखाली एकेक धुऊन, आतला पापुद्रा सोलून, उन्हात वाळवली होती. ज्या तळहातावर ती रोज इष्टलिंग धरायची, तो राखेनं घासून घासून लाल झाला होता.

"सामान कमी पडतंय म्हणून उशीर हुतोय न्हवं? घे."

हे माणसाच्या पायात जायला कितीतरी वर्षं लागतील, कदाचित कधीच जाणार नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पिशवी घेतली. दर आठवड्याला घेत राहिले. त्याची आजही लाज वाटते.

अण्णा चार महिने थांबला. तोवर सड वर चढली आणि पाय मांडीतून काढावा लागला.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अव्वानं हळूच विचारलं, "टरफलं कमी पडली व्हय गं?"

नाही म्हटलं असतं, तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी हो म्हणाले.

ती उठली, अण्णाच्या खाटेपाशी जाऊन बसली आणि दोन्ही हात जोडून त्याची माफी मागू लागली. मी दारात उभी राहून ते ऐकलं.