हात? बाहेर!

बुद्धभूषणला आता भोसरीपासून चाकणपर्यंत शेंबडं पोरही ओळखतं, पण ज्यासाठी ओळखायला हवं त्यासाठी कुणी ओळखत नाही. म्हणून मला हे लिहावं लागतंय. नाहीतर मी डाय फिटर, म्हणजे मशीनला साचे बसवणारा माणूस, लिहिण्याशी माझा संबंध हजेरीपुरता.

हा मूळचा परभणीकडचा. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर काम करतो, दिघीत भाड्यानं राहतो. बायको विजयश्री, मुलगी साक्षी. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नाही. पॉवर प्रेस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगतो : वरून लोखंडी साचा खाली येतो, पत्र्याला आकार देतो आणि परत वर जातो. मधे पत्रा आहे की माणूस आहे, हे त्याला कळत नाही. मोठ्या प्रेसला दोघं लागतात. एक पत्रा लावतो, दुसरा पायानं पॅडल दाबतो. आधीच्या वर्कशॉपात बुद्धभूषण पत्रा लावत होता आणि पॅडलवाला मेहुण्याच्या लग्नातल्या गमती सांगत होता. गमती सांगता सांगता त्यानं पाय दाबला.

आमच्याकडे आल्या आल्या बुद्धभूषणनं स्वतःच एक रीत घातली. पॅडलवाल्यानं विचारायचं, ‘हात?’ समोरच्यानं सांगायचं, ‘बाहेर.’ ते ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. आम्ही हसलो. शेठ कुरकुरला, त्याला माल कमी निघेल असं वाटलं. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर ह्याच शेठनं माल कमी निघतो म्हणून काढून कपाटात ठेवलाय, तेव्हा त्याच्या कुरकुरीला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा. हळूहळू सगळेच प्रेसवाले तसं बोलायला लागले, शेजारच्या गाळ्यांतही ते पोचलं. दिवसभर ऐकू यायचं, हात, बाहेर, हात, बाहेर. त्यानंतर आमच्याकडे कुणाचं नखही गेलं नाही. आता बुद्धभूषण पॅडलवर असायचा, त्याच्यासमोर पत्रा लावायला चांदभाई. पिंपरीचे, पन्नाशी उलटलेले, मोजकं बोलणारे. दोघांचे डबे एकत्र उघडायचे.

मग तो सिनेमा आला. त्याचं नाव घेत नाही, फुकटची जाहिरात कशाला? दिग्दर्शक वर्कशॉप बघायला आला होता. तरुण, हुशार, चेहऱ्यावर कायम पोटदुखी. त्यानं बुद्धभूषणचा हात पाहिला, चेहरा पाहिला आणि हाच माझा माणूस म्हणून बसला. सिनेमात एक बिननावाचा माणूस गावात येतो. कुठून आला, का आला, कुणाला ठाऊक नाही. जवळजवळ बोलतच नाही, म्हणून नट नसला तरी चालणार होतं. तो लोकांचे हात फोडत सुटतो. दिग्दर्शक म्हणाला, तो चांगला की वाईट हे प्रेक्षकांनी ठरवायचं. मी म्हटलं, आमचा प्रेक्षक रिक्षाचं भाडं ठरवायला वेळ घेतो, हे तो लगेच ठरवेल.

शूटिंगला घण उचलल्यावर मारण्याआधी काहीतरी बोल म्हणून सांगितलं, तेव्हा बुद्धभूषण गोंधळला. जन्मात जे सगळ्यात जास्त वेळा बोलला होता तेच त्याच्या तोंडून निघालं : ‘हात?’ दिग्दर्शक जागेवरून उठला. तेच ठेवलं.

गुरुवारी आमची सुट्टी, म्हणून गुरुवारचीच तिकिटं काढून सगळं वर्कशॉप पिंपरीला गेलं. आख्खं थिएटर कामगारांनी भरलेलं. पडद्यावर पहिला सापडला तो प्लॉटचा दलाल. गरिबांच्या जागा गिळलेला, त्यामुळे त्याच्यावर आधीच सगळ्यांचा दात. त्याचा हात दगडावर दाबून धरलाय, घण वर गेलाय. बुद्धभूषण विचारतो, ‘हात?’ आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘आत!’

थिएटर फुटलं. अर्धं थिएटर प्रेसवर काम करणारं, त्यांना ही गंमत समजावून सांगायची गरजच नव्हती. घण पडला, हाड मोडल्याचा आवाज आला आणि शिट्ट्यांनी कान बसले.

पुढं एका वॉचमनची पाळी येते. त्याचा गुन्हा एवढाच की मालकानं सांगितलं म्हणून त्यानं फाटक उघडलं. हातात डबा, पायात झिजलेली चप्पल. इथं लोक गप्प होतील, मघाच्या टाळ्यांची त्यांना लाज वाटेल, असं दिग्दर्शकानं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. वॉचमन हात जोडतो, ते जोडलेले हातच धरून दगडावर ठेवले जातात. ‘हात?’ आणि सगळं थिएटर एका आवाजात, ‘आत!’ दलालाच्या वेळेपेक्षा मोठ्यानं. माझ्या शेजारची बाई एका हातानं लेकराचे डोळे झाकत होती आणि तोंडानं आत आत करत होती. घण पडला, पुन्हा पडला, बोटं नुसता चेंदा झालेली दाखवली, आणि लोक खुर्च्यांवर उभे राहिले. आमच्याबरोबर आलेल्या दिग्दर्शकानं मागच्या रांगेत चष्मा काढून ठेवला होता. मला त्याची दया आली नाही. भुकेल्यापुढं ताट वाढायचं आणि हा जेवतोय कसा म्हणून रडायचं, हा कुठला न्याय?

बाहेर आल्यावर लोकांनी बुद्धभूषणला खांद्यावर घेतलं. परत येताना तो माझ्या गाडीवर मागं बसला होता. दिघीत उतरल्यावर म्हणाला, “वॉचमनला मारलं तवा लोक शिट्ट्या मारायले होते. अन् मला बरं वाटायलं होतं. त्याचंच भ्या वाटायलंय मला.”

मी म्हटलं, झोप आता.

पण त्याची भीती खरी होती. चाकणच्या चौकात पोरं गाड्या थांबवून फोटो काढायला लागली. रिक्षांच्या काचांवर ‘हात?’ लिहिलं गेलं. ते एक वेळ चाललं असतं, पण ते वर्कशॉपातही आलं. पॅडलवाला विचारायचा, हात? समोरचा हात काढून घेऊन हसत म्हणायचा, आत! आणि पाय पडायचा. दिवसातून कितीतरी वेळा. ज्या शब्दावर बोटं शाबूत होती त्याचा तमाशा झाला. बुद्धभूषणनं पोरांना समजावलं, हात जोडले. शेठकडे गेला तर शेठ खूश, कारण आम्हाला काम देणाऱ्या चाकणच्या कंपनीतले साहेब आता सेल्फीसाठी स्वतःहून आमच्याकडे येत होते. शेवटी बुद्धभूषणनं एकाच्या कानाखाली जाळ काढला. मार खाणाऱ्यानं सुजलेल्या गालाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, ‘भाऊंचा आशीर्वाद.’ त्याला हजारानं अंगठे आले.

ती थप्पड फार सहज बसली, असं बुद्धभूषण मला म्हणाला. हात उचलायला पूर्वी जड जायचं, आता जात नाही. घरीही त्यानं ताट भिरकावलं होतं, तेव्हा विजयश्रीनं बजावलं की सिनेमा उंबऱ्याबाहेर ठेवायचा. तो मला परत परत विचारायचा, मी तसा आहे का रे? मी नाही म्हणायचो. मित्र म्हणून दुसरं काय म्हणणार?

एके दिवशी साहेब लोक आले होते, शेठनं बुद्धभूषणला फोटोसाठी वर ऑफिसात बोलावलं. त्याच्या जागी पॅडलवर निरंजन उभा राहिला. चऱ्होलीचा, बबनरावांचा मुलगा. पोरगा वाईट नव्हता, कुणाच्याही मदतीला धावणारा. फक्त तो सिनेमा त्यानं पाठ केला होता. पत्रा साच्यात तिरपा अडकला, म्हणून चांदभाईंनी तो सोडवायला उजवा हात आत घातला.

निरंजननं विचारलं, हात?

चांदभाई म्हणाले, आत.

चांदभाईंनी आयुष्यात ही थट्टा केली नव्हती. ते खरंच सांगत होते, थांब, माझा हात आत आहे. निरंजन हसला. चांदभाई पण सुधारले म्हणाला आणि त्यानं पाय दाबला.

मी पलीकडच्याच मशीनला होतो. आधी हसणं ऐकलं, मग साचा पडल्याचा आवाज, मग चांदभाई. माणसाच्या घशातून असा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. साचा वर गेला तेव्हा हातमोजा खालीच चिकटून राहिला होता आणि त्यात चार बोटं होती. पत्र्यावर आकार अगदी बरोबर उठला होता, त्यातून रक्त ओघळत होतं. मशीन पुसायच्या चिंध्या हाताला लागल्या त्या मी चांदभाईंच्या पंजाला गुंडाळल्या, आवळल्या, तरी भिजतच राहिल्या. कुणीतरी गाडी काढायला धावलं.

बुद्धभूषण जिन्यावरून खाली आला. त्यानं चांदभाईंकडे पाहिलं, साच्यातल्या मोज्याकडे पाहिलं. काय झालं हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. त्यानं निरंजनला मानेला धरलं, त्याचं तोंड मशीनच्या खांबावर आपटलं. नाक फुटलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दात खाली पडला. मग मनगट पिरगाळून त्याचा हात त्याच साच्यावर, त्याच रक्तात दाबून धरला. मशीन कुणी बंद केलं नव्हतं, चाक फिरतच होतं. बुद्धभूषणचा पाय पॅडलवर गेला.

“हात?” त्यानं विचारलं.

निरंजन रडत होता. आम्ही वीस-पंचवीस जण उभे होतो. कुणी पुढं झालं नाही, आणि दोघा-तिघांचे मोबाईल वर गेलेले मी डोळ्यांनी पाहिले. मागच्या बाजूनं, इतकं रक्त समोर असताना, कुणीतरी हळूच म्हणालं, ‘आत.’ कोण ते मला अजून कळलं नाही. कळलं तर मी त्याला सोडणार नाही.

पॅडल हललेलं मला दिसलं. थोडंसं, पण हललं.

माझ्या मांडीवर डोकं टाकलेले चांदभाई म्हणाले, “बाहेर.” मग श्वास घेऊन पुन्हा, “भूषणभाई, हात बाहेर.”

बुद्धभूषणनं निरंजनचा हात खेचून काढला आणि त्याच क्षणी साचा खाली आला. रिकामा. मग तो तिथंच लोखंडाच्या भुशात बसला.

व्हिडिओ संध्याकाळच्या आत सगळीकडे गेला. लोकांनी खाली काय काय लिहिलं होतं ते मी वाचलं. दाबायला पाहिजे होतं. पार्ट टू कधी? एकानं लिहिलं होतं, म्हाताऱ्यानं मजा घालवली. त्या माणसाचं जेवण त्याच्या घशाखाली कसं उतरतं, हा प्रश्न मला आजही पडतो.

चांदभाई पिंपरीच्या दवाखान्यात. रहमतबी, त्यांची बायको, खाटेशेजारी स्टुलावर बसलेली. बुद्धभूषण रोज जायचा, तिच्या शेजारी जमिनीवर बसायचा आणि ती त्याला घरातल्यासारखा चहा ओतून द्यायची. एक दिवस मीही गेलो होतो, तेव्हा बबनराव आले, निरंजनचे वडील. आधी चांदभाईंच्या पायांना हात लावला, पोराच्या वतीनं माफी मागितली, डोळ्यांतून पाणी आलं. मग बुद्धभूषणपुढं हात जोडले.

“तुमी सोडलं म्हनून माझ्या पोराचा हात ऱ्हायला. तुमचे उपकार न्हाई इसरणार.”

बुद्धभूषण उभा राहिला. “उपकार मानू नका,” तो म्हणाला. “मी सोडलं नव्हतं. पाय दाबला होता मी. चांदभाई बोलले म्हणून हात तेवढा खेचला.”

बबनराव रडता रडता हसले. सोबतच्या माणसाला म्हणाले, बगा, हितंबी तसंच बोलत्यात, सिनेमातल्यावानी. नातवासाठी एक फोटो काढू का म्हणून त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता ते त्याच्या शेजारी उभे राहिले. बुद्धभूषण माझ्याकडे पाहत होता. आता मी नाही म्हणावं, तू तसा नाहीस म्हणावं, ह्यासाठी. मी पॅडल हललेलं पाहिलं होतं. माझ्याच्यानं म्हणवलं नाही.

रहमतबी हसली नव्हती. पाय दाबला होता, हे तिनं ऐकलं होतं. तिनं चहाचा थर्मास उचलला, स्टूल उचललं आणि ती खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.