नागपूरचा तळ बंद झाला तेव्हा

नागपूरचा तळ बंद होणार ही बातमी आम्हाला कंपनीनं दिली नाही, धावपट्टीजवळच्या कॅन्टीनवाल्यानं दिली. पुढच्या महिन्यापासून दुधाचा रतीब लावू नकोस, असं त्याला ऑफिसातून सांगितलं होतं. नोटीस लागली ती चौथ्या दिवशी.

त्या वेळी आमचा बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता आणि नागपूर आमची राजधानी. पिंपळगाव राजा या गावच्या शेतकऱ्याच्या पोराला त्या राजधानीतून विमान उडवायला मिळतं, याचंच मला अप्रूप. दुसऱ्या महायुद्धात मी हवाई दलात होतो; लढाई संपल्यावर एका खाजगी कंपनीत डाकोटा विमान चालवायला लागलो. तळावर आम्ही नऊ वैमानिक होतो. कोण कॅप्टन होणार, कुणाला कोणता मार्ग, दिवाळीत कुणाला घरी जायला मिळणार, सगळं ज्येष्ठतेच्या यादीवर ठरायचं. जो आधी रुजू झाला तो वर. माझा नंबर दुसरा. पहिला आमच्या वरिष्ठ कॅप्टनसाहेबांचा.

ते पुण्याकडचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. माझं वऱ्हाडी ‘मले-तुले’ ऐकून सुरुवातीला हसायचे, पण त्या हसण्यात टोचणी नसायची. प्रवासी घेऊन पहिल्यांदा पावसाळी ढगांत सापडलो तेव्हा ते शेजारी बसले होते. त्यांनी हात मांडीवरून उचलले नाहीत. “तुला येतंय,” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

नोटिशीसोबत एक छापील फॉर्म होता. कंपनी नवी मोठी विमानं आणणार होती आणि त्यांचा तळ मुंबईला राहणार होता. त्या ताफ्यात जायचं असेल त्यानं सही करायची. मात्र त्याची ज्येष्ठता सही केलेल्या दिवसापासून मोजली जाणार होती. म्हणजे आधीची सगळी वर्षं पाण्यात.

कॅप्टनसाहेबांनी आम्हाला हँगरमागच्या खोलीत बोलावलं.

“कुणीही सही करायची नाही,” ते म्हणाले. “आपण नऊ जण एक राहिलो तर त्यांना जुन्या यादीप्रमाणेच बोलवावं लागेल. घरी जा, वाट बघा. मी मुंबईला बोलतो.”

मी फॉर्म त्यांच्या देखत फाडला. बाकीच्यांनी घडी करून खिशात घातले. मला तेव्हा त्यांचीच जरा लाज वाटली होती.

ट्रंक घेऊन गावी आलो तेव्हा कपाशीची वेचणी चालू होती. बाबा बांधावर उभे होते.

“काऊन रे, सुट्टी का?”

“हाव. थोडे दिवस.”

“मंग तुह्यं इमान कोण चालवते?”

“दुसरा कोणी चालवत असन.”

ते पुन्हा वेचणीकडे वळले. पण तळ बंद झाला तरी मार्ग चालू होता; रोज सकाळी नागपूरहून मुंबईला जाणारं विमान आमच्या शिवारावरून जायचं, आणि त्याचा आवाज आला की वेचणाऱ्या बाया माझ्याकडे बघायच्या. मी मान वर करायचो नाही. आवाजावरूनच मला कळायचं, उजवं इंजिन जरा खरखरतंय, ही आपलीच डाकोटा.

कॅप्टनसाहेबांना मी तीन पत्रं लिहिली. तिन्हींना उत्तरं आली. ‘बोलणी चालू आहेत. धीर धर.’ बायको म्हणाली, “तुम्ही स्वतः मुंबईले जाऊन का नाही विचारत?” मी तिच्यावर चिडलो. साहेबांनी थांबायला सांगितल्यावर त्यांच्या मागून ऑफिसात जाणं मला चहाडीसारखं वाटत होतं.

तिसऱ्या महिन्यात एक पोस्टकार्ड आलं. आमच्याच तळावरचा, यादीत सर्वांत शेवटचा असलेला वैमानिक चिखलीचा जावई होता. सासरी आलोय, भेटायला या, असं त्यानं लिहिलं होतं. डाकोटाचे पहिले धडे त्याला मी दिले होते. खामगावहून मोटारीनं चिखलीला गेलो. बाजाराचा दिवस होता. कापसाच्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही एका हॉटेलात जाऊन बसलो. त्याच्या अंगावर नवा युनिफॉर्मचा कोट होता. सासरच्यांना दाखवायला घातला असावा.

“सर, शेती कशी चाललीय?” त्यानं विचारलं.

“शेती बाबा बघतात. मी बोलावण्याची वाट बघतोय.”

त्यानं कप खाली ठेवला.

“तुम्ही तर स्वतःहून सोडलंत ना? कॅप्टनसाहेब म्हणाले, तुम्हाला आता घरची शेती बघायचीय.”

“कुणाला म्हणाले?”

“मला. ऑफिसातही तसंच लिहून दिलंय. नागपूरच्या वाट्याला दोनच जागा होत्या. एकीवर ते गेले, दुसरीवर त्यांनी मला घेतलं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “सर, त्यांची सही मी पाहिली. आपली ती बैठक झाली ना, त्याच्या आदल्या दिवशीची आहे.”

मला राग आला नाही. आधी वाटलं, याची तारीख चुकतेय. मी त्याला तारीख पुन्हा विचारली. मग पुन्हा. तो रडवेला झाला. मीच त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर पडलो. परतीच्या मोटारीत मला हँगरमागची ती खोली दिसत राहिली. मी फॉर्म फाडला तेव्हा ते माझ्याकडे बघून मान हलवत होते.

महिनाभरानं त्याच पोरानं कळवलं, की कॅप्टनसाहेब नागपूरचं बिऱ्हाड आवरायला मुंबईहून मेल गाडीनं जाणार आहेत. मी मलकापूर स्टेशनवर जाऊन उभा राहिलो. गाडी आली. ते खिडकीशी पेपर वाचत होते. मला बघून दचकले, पण उतरून खाली आले.

“तुम्ही मला सही करू नको म्हणालात.”

“त्या वेळी तेच बरोबर होतं.”

“त्या वेळी तुमची सही झालेली होती.”

शेजारून पेरूवाला गेला, त्याला हातानंच नको म्हणाले.

“मी सोडलं असं कंपनीला काऊन सांगितलं?” एवढी वर्षं त्यांच्यासमोर मी वऱ्हाडी शब्द टाळायचो, त्या दिवशी टाळले नाहीत.

“हे बघ,” ते म्हणाले, “तुला घर आहे, जमीन आहे. मला काय आहे? यादीत वर नसलो तर मी कुणीच नाही. आणि दुसऱ्या जागेवर तू आला असतास, तर यादी बाजूला ठेवून वर्षभरात त्यांनी तुलाच पुढं काढलं असतं. तू माझ्यापेक्षा चांगला उडवतोस, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.”

ज्यांच्या तोंडून ते ऐकायला मी इतकी वर्षं धडपडलो, त्यांनी ते असं सांगितलं. शिटी झाली आणि ते डब्यात चढले. मला हात उगारता आला असता. मी नुसता उभा राहिलो.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुले उडवाचं हाय का अजून?”

“हाव.”

“मंग जाय. त्याच्यापायी कायले घरी बसतं?”

मी मुंबईला गेलो. ऑफिसातल्या माणसानं माझी फाइल काढून दाखवली. ‘स्वेच्छेनं निवृत्त’ असा शेरा होता. मी भांडलो, अर्ज केले. शेवटी त्यांनी आसामात, मालवाहू डाकोटावर जागा दिली. यादीत सर्वांत खाली, सहवैमानिक म्हणून. माझा कॅप्टन माझ्याहून पाच वर्षांनी लहान होता. पहिल्या दिवशी सवयीनं मी कॅप्टनच्या डाव्या सीटवर जाऊन बसलो; तो मी उठेपर्यंत थांबला.

डावी सीट मला दोन वर्षांनी परत मिळाली. गेलेली वर्षं यादीत कधीच आली नाहीत; चिखलीचा जावई शेवटपर्यंत माझ्या वर राहिला. तो दर दिवाळीला पत्र लिहायचा आणि मी उत्तर द्यायचो. कॅप्टनसाहेबांकडून एकदा मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, वर त्यांच्याच अक्षरात ‘अवश्य ये’. मी गेलो नाही. बायको म्हणाली, निदान दोन ओळी तरी टाका. त्या दोन ओळी मला सुचल्या नाहीत.